‘माझं चित्र’ : चितार ओळीतल्या एका स्केचबुकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी, आणि मी तिची प्रोजेक्ट गाईड. तिचं नाव, कॉलेज, कोणतं वर्ष, ज्यांची चित्रं काढली ती माणसं, यातलं काही लिहीत नाही, तसं सगळ्यांशी बोलून ठरवलंय आणि ओळख पटेल असे दोनचार तपशील बदललेही आहेत. गल्लीचं नाव मात्र लपवून उपयोग नाही कारण नागपुरात अशी गल्ली एकच, महालाकडची चितार ओळी, आणि तिथे मूर्ती करणारी घरं इतकी आहेत की त्यातलं हे कोणतं ते कळणार नाही.

प्रोजेक्ट ऐकायला साधा होता. शहरातली एक जागा निवडायची, तिथलं रोजचं जगणं जागेवर बसून काढायचं, कमीत कमी 60 पानं भरायची आणि शेवटी ते स्केचबुक ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर ठेवायचं. समोर जे आहे ते बघत बघत काढायचं, डोक्यातून नाही. हे काही नवीन नाही. आपल्याकडे चित्रकार म. वि. धुरंधरांनी (1867–1944) मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, बायका, धंदेवाले किती काढून ठेवलेत, त्यावरून त्या काळी लोक नेसायचे कसे, डोक्यावर ओझं घ्यायचे कसं हे आज कळतं. अलीकडे अर्बन स्केचर्स नावाची मंडळी जगभर हेच करतात, सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकाराने 2007 मध्ये ते सुरू केलं, आणि त्यांचा पहिलाच नियम म्हणजे जागेवर बसून, बघून काढायचं. आमच्या प्रोजेक्टच्या कागदावरही जवळपास तेच लिहिलेलं होतं.

आधी ती फुटाळा तलावावर गेली, मग गोकुळपेठच्या मार्केटात, मग दोन दिवस अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयात (तिथे मूर्ती आणि पेंढा भरलेले प्राणी हलत नाहीत म्हणून, हे तिनेच सांगितलं). शेवटी चितार ओळी ठरली कारण घरचा गणपती लहानपणापासून तिथूनच यायचा. ती राहायची हिंगणा रोडकडे, वासुदेव नगरला मेट्रोत बसली की गाडी न बदलता सरळ चितार ओळी चौक स्टेशन, तिथून पायी. गुरुपौर्णिमा झाली की गल्लीत गणपतीचं काम जोरात असतं, ती बरोब्बर तेव्हा पोचली.

ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बांबू आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर तणीस (भाताचा पेंढा) सुतळीने आवळून बांधायची, त्यावर मातीचे थर. पावसाळा असल्यामुळे माती वाळता वाळत नाही, मोठे पंखे लावून ठेवतात, वरून प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकवर पाऊस वाजायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बिनडोक्याचे गणपती एका रांगेत, सोंडा दुसऱ्या फळीवर, हात तिसऱ्या. भेगा पडल्या की बुजवायच्या, मग पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, सुना, सगळं घर कामाला.

अडचण

पहिल्या आठवड्यात तिने मला बारा पानं दाखवली आणि त्यातली दहा मागून काढलेली होती. पाठी, पाठी आणि पाठी. मी विचारलं की समोरून का नाही, तर म्हणाली, मॅम, लोक बघून राहतात माझ्याकडे, मला पेनच उचलता येत नाही. हे प्रत्येक विद्यार्थ्याला होतं. आपण बघायला जातो आणि आपल्यालाच बघितलं जातं, त्यात हातातलं चित्र अजून कच्चं, कोणी डोकावलं तर जीव घाबरा होतो.

दुसऱ्या आठवड्यात मात्र पानं एकदम भरली. समोरून चेहरे, हात, घडीवर घडी असलेली लुगडी, सगळं अगदी व्यवस्थित. मला आधी आनंद झाला आणि मग दोन मिनिटांत काहीतरी खटकायला लागलं. पुढे आलेला हात डोक्याएवढा, दाराची चौकट वर निमुळती झालेली, सावलीच्या जागा सगळ्या काळ्या ठोकळ, आणि माणसाच्या नाकाला जितकी मेहनत तितकीच मागच्या डब्यावरच्या अक्षरांना. मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा बराच वाइड असतो, साधारण 24–26 एमएमच्या लेन्ससारखा, त्यामुळे जवळून फोटो घेतला की जवळचं फुगतं आणि लांबचं पळून जातं. डोळ्याला तसं दिसत नाही. विचारलं तेव्हा तिने खरं सांगितलं. फोटो काढून आणायची आणि रात्री घरी बसून त्यावरून चित्र काढायची, मोबाईलमध्ये चारशेच्या वर फोटो झाले होते.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो माझ्या हातून निसटला. मी तिला फोटोचे चित्रातले तोटे समजावले, लेन्सचं सांगितलं, सावल्यांचं सांगितलं, पण हे फोटो तू काढतेस ते त्या लोकांना माहीत आहे का, हे विचारलंच नाही. माझ्यासाठी तो प्रश्न चित्राच्या दर्जाचा होता. कॉलेजातल्या दुसऱ्या सरांनी तर तिला सांगितलं होतं की फोटोवरून केलं तरी चालेल, ज्युरीला काय कळतंय. त्यामुळे माझं बोलणं तिला एक मत वाटलं, नियम नाही.

ती दुपार

ज्या घरासमोर ती जास्त बसायची तिथल्या मूर्तिकारांची आई, सत्तरीच्या पुढच्या. त्यांना आजी म्हणते. त्या पहाटे उठून माती तुडवायच्या, पायाने, पदर खोचून, भिंतीला एक हात लावून. दुपारी जेवण झालं की अर्धवट गणपतींच्या मधे पोतं टाकून तासभर आडव्या व्हायच्या. तोंड उघडं, एक पाय गुडघ्यात दुमडलेला, घोट्यापर्यंत माती वाळून पांढरी पडलेली, आणि बरोबर डोक्याशी बिनडोळ्यांचा मोठा गणपती. दृश्य म्हणून विलक्षणच. तिने फोटो घेतला, घरी चार तास बसून चित्र केलं, आणि खरं सांगायचं तर फोटोवरून केलेल्यात तेवढंच एक चांगलं होतं, आणि रात्री ते इन्स्टाच्या स्टोरीवर टाकलं. खाली लोकेशन पण टाकलं.

आजींचा नातू बारावीला. लोकेशनवरून त्याच्या मित्राला दिसलं, मित्राने त्याला पाठवलं, त्याने घरी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तर मूर्तिकार दादांनी फक्त एवढंच म्हटलं, ‘ताई, उद्यापासून इकडे नको येऊ.’ आवाज चढवला नाही. आजी मात्र उठून बाहेर आल्या.

‘माह्या झोपीतलं चित्र काढलं, मले विचारलं काय वं?’

ती म्हणाली, आजी, चांगलं आलंय चित्र, सगळ्यांना आवडलं.

‘पहाटपासून माती तुडवतो ते नाही दिसलं तुले? झोपली तेवढं दिसलं? आता लोक म्हनन बुढी नुसती झोपून राह्यते.’

आणि मग आजींनी ते वाक्य म्हटलं ज्यावरून पुढचं सगळं बदललं, ‘माहं चित्र हाये ते. पुसून टाक.’

संध्याकाळी तिने मला फोन केला, रडत होती, आणि मधेच चिडून म्हणाली की पण मॅम, चित्र माझं आहे ना, मी काढलंय. मी काही बोलू शकले नाही कारण दोघींचं वाक्य एकच होतं. आपल्या भाषेत ‘माझं चित्र’ म्हणजे मी काढलेलं पण आणि माझं काढलेलं पण. कायद्याने बघायचं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढणाऱ्याचं, यात वाद नाही. पण आजी कॉपीराइटबद्दल बोलतच नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं की माझा दिवस सोळा तासांचा आहे, त्यातला तू नेमका एक तास उचलला आणि जगाला दाखवला. निरीक्षणातून चित्र काढणाऱ्यावर यापेक्षा नेमकी टीका मी आजवर कोणाकडून ऐकलेली नाही, अगदी ज्युरीकडूनही नाही. ती म्हणजे ‘नीट बघितलं नाहीस’ अशी टीका होती.

कोणते पर्याय होते

सबमिशनला तेव्हा सहा आठवडे होते. त्या रात्री स्टोरी तर लगेच काढली, त्यावर चर्चाच नव्हती. प्रश्न पुढचा होता.

जागा बदलणं सगळ्यात सोपं, कॉलेजचं कँटीन, बर्डीचं (सीताबर्डीचं) मार्केट, कुठेही. पानं भरली असती आणि मार्कही मिळाले असते. पण मग ती आयुष्यभर एक गल्ली टाळत फिरली असती असं मला वाटलं, आणि तिलाही वाटलं.

दुसरा पर्याय म्हणजे गल्लीत न जाता हातातल्या चारशे फोटोंवरून उरलेलं पूर्ण करायचं. कॉलेजमधून याच सल्ल्याचा जोर होता, वेळ कमी आहे म्हणून. यावर तिनेच नाही म्हटलं आणि मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला. म्हणाली, ते मला येऊ नको म्हणतात आणि मी त्यांचेच चेहरे घरी बसून काढत राहू, हे चोरीसारखं वाटतं.

तिसरा, परत जायचं, माफी मागायची, आणि यापुढे प्रत्येकाला आधी विचारून काढायचं. यात एक खरी अडचण आहे जी बाहेरच्यांना कळत नाही. ‘तुमचं चित्र काढू का’ म्हटलं की माणूस काम थांबवतो, केस नीट करतो, समोर बघतो. मग ते पोर्ट्रेट झालं, रोजचं जगणं गेलं. न विचारता काढलं तर जगणं राहतं पण माणसाचा हक्क जातो. या दोन्हीच्या मधे काहीतरी पाहिजे होतं आणि ते काय हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं.

काय केलं, आधी चुकीचं

पहिला तोडगा माझा, आणि तो साफ चुकला. मी तिला संमतीपत्र करून दिलं. मराठीत, एक पान, खाली सहीची जागा. मोठ्या प्रोजेक्टमध्ये असं करतात, माहितीपटवाले करतात, म्हणून मला ते जबाबदारीचं वाटलं. ती फाईल घेऊन गल्लीत गेली आणि अर्ध्या तासात गल्लीत बातमी, की तपासणीवाली मॅडम आली, मूर्ती मातीच्या आहेत की पीओपीच्या ते लिहून घेऊन राहिली. दोन घरांनी पडदे ओढून घेतले. सही करायला सांगणारा माणूस कोण असतो, तर सरकारी नाहीतर कर्जाचा. सीझनच्या तोंडावर तर कोणीच सही करणार नाही. हे मला आधी कळायला हवं होतं, मी याच शहरात वाढलेली आहे.

काय केलं, मग

मग ती तीन दिवस मोकळ्या हाताने गेली. वही नाही, फाईल नाही, मोबाईल बॅगेत. पहिल्या दिवशी आजींसमोर उभी राहून म्हणाली की आजी चुकलं माझं, चित्र सगळीकडून काढून टाकलं, आणि हे मूळ चित्र, हे तुमचं, ठेवा नाहीतर फाडा. आजींनी बघितलं, घडी घातली आणि आत नेलं. बोलल्या काहीच नाहीत. दादांनी ‘बस’ म्हटलं नाही आणि ‘जा’ पण म्हटलं नाही. ती कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सुतळीचं टोक धरायला सांगितलं, तिने धरलं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला तेव्हा प्लास्टिक ओढायला हात कमी पडत होते.

चौथ्या दिवशी तिने दादांना विचारलं, वही आणू का? आणि वहीचे नियम आम्ही आदल्या रात्री फोनवर ठरवले होते ते तिने त्यांना सांगितले. फोटो काढणार नाही. वही मांडीवर उघडी राहील, झाकणार नाही, कोणीही कधीही येऊन बघायचं. ज्याचं चित्र काढलं त्याला त्याच दिवशी, निघायच्या आधी दाखवेन. कोणी ‘हे नको’ म्हटलं की ते पान तिथल्या तिथे फाडून त्यालाच देईन, का म्हणून विचारणार नाही. इंटरनेटवर काहीच नाही.

दादा म्हणाले, ‘आण. पण काम थांबवायला नको सांगू कोणाले.’

हेच तर पाहिजे होतं. कोणाला थांबवायचं नाही पण दिवस संपायच्या आत दाखवायचं. परवानगी आधी मागण्याऐवजी नंतर मागायची, पण इतकी लगेच की ‘नाही’ म्हणण्याला अजून अर्थ असतो.

फोटो गेल्यावर चित्र काढायची पद्धत बदलणं भागच होतं. हे जरा सविस्तर सांगते कारण इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त अडकतात. हलणारा माणूस काढता येत नाही ही भीती खोटी आहे, काम करणारा माणूस परत परत त्याच पोझमध्ये येतो. माती थापणारा हात वर जातो, खाली येतो, बाजूच्या पाण्यात बुडतो, परत वर. म्हणजे तीनच पोझ आहेत आणि त्या फिरून फिरून येतात. मग एका पानावर तीन आकृत्या एकाच वेळी सुरू करायच्या, हात वर गेला की पहिलीत दोन रेषा, खाली आला की दुसरीत दोन, पाण्यात गेला की तिसरीत. पंधरावीस फेऱ्यांत तिन्ही पूर्ण होतात. आधी पाठीचा आणि मानेचा कल एका रेषेत, मग खांदा आणि कंबर, चेहरा सगळ्यात शेवटी, आणि नाही जमला तर राहू द्यायचा. तिने हे पकडलं आणि आठ दिवसांत तिच्या पानांवर माणसं खरंच काम करायला लागली.

साहित्य पण बदललं. पावसाळ्यात कागद सर्दावतो, तिच्या फाऊंटन पेनची शाई पसरायची, पेन्सिल मातीच्या हातांनी फिसकटायची (आता सगळे वही हातात घेऊन बघत होते ना). शेवटी साधा निळा बॉलपेन आणि 150 जीएसएमची, म्हणजे जरा जाड कागदाची ए-5 वही. बॉलपेन हलका धरला तर राखाडी रेष देतो, दाबला तर गडद, खोडता येत नाही म्हणून चुकीची रेष पण राहते, आणि ती राहिलेली चांगलीच दिसते.

आणि एक गोष्ट घडली जिची मी अजिबात कल्पना केली नव्हती. ही चितारींची गल्ली आहे. इथल्या माणसाला हात कसा असतो, मान कशी बसते हे पिढ्यांपासून माहीत आहे. वही उघडी ठेवल्याबरोबर सगळी गल्ली तिची शिक्षक झाली. दादा जाता जाता बघायचे आणि म्हणायचे, बोट लांब झालं. शेजारचे काकाजी म्हणाले की बसलेल्या माणसाचं वजन कुठे पडते ते दाखव, तुझा माणूस हवेत बसून राहिला. चार वर्षांत मी तिला जे सांगत होते तेच, पण त्यांच्या तोंडून ते तिला पटकन पोचलं, कारण ते बोलताना त्यांच्या हातात खरोखर एक हात होता, मातीचा.

नवव्या की दहाव्या दिवशी आजी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वहीत पाय होते, माती तुडवणारे, पहाटे साडेपाचला काढलेले. ती आदल्या रात्री मैत्रिणीकडे महालात राहिली होती त्यासाठी, कारण हिंगणा रोडवरून त्या वेळेला येणार कशी. आजींनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, ‘टाच आधी पडते वं. तू पंजा आधी टाकला.’ आणि करून दाखवलं, कोरड्या जमिनीवर, पदर खोचून. तिने ते पान तसंच ठेवलं आणि शेजारच्या पानावर परत काढलं, टाच आधी.

मारबतीचा दिवस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई आणि संकटं घेऊन जावी म्हणून नागपुरात काढतात ती मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात, इतवारीकडचे रस्ते माणसांनी भरून जातात, बडगे (चालू घडामोडींवर टोमणे मारणारे पुतळे), घोषणा, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’. गल्लीतली पोरं तिला सोबत घेऊन गेली. मी तिला सांगितलं होतं की गर्दीत वही उघडून काही होणार नाही, बघून ये आणि घरी आठवणीतून काढ. तिने ऐकलं नाही, आणि बरं झालं. कागदाकडे न बघता, नजर फक्त गर्दीवर ठेवून तिने चार पानं रेषा मारल्या, धक्के लागत होते, पेन सटकत होता. त्या चार पानांत एकही माणूस धड नाही, पण वर उचललेले हात आणि त्या वरून झुकत येणारी मारबत अशी आहे की बघणाऱ्याला ढकलल्यासारखं वाटतं. माझा सल्ला काळजीपोटी होता पण तो चित्रासाठी चुकीचा होता.

आखणी

गणपतीला दोनच दिवस उरले तेव्हा डोळ्यांची आखणी सुरू होती. दादांनी तिला जवळ, अगदी हाताच्या अंतरावर बसू दिलं. तिथे तिने एकच पान काढलं, सबंध सकाळ. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, डाव्या हातात काठी, काठीवर मनगट, बारीक कुंचला, आणि वरच्या पापणीची रेष ओढताना दादांचा श्वास थांबलेला. श्वास कसा काढणार? तिने खांदे काढले, जरासे वर राहिलेले. शेजारी सून रंगाची वाटी धरून, तिचेही खांदे तसेच. खाली बसलेला नातू मोबाईल खाली ठेवून वर बघतोय. सगळ्या वहीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे पान.

निकाल

60 च्या जागी 47 पानं झाली. त्याशिवाय पाच पानं फाडून दिलेली, त्यांचे फाटके काठ वहीत तसेच, प्रत्येकावर तारीख आणि वेळ. पहिल्या दोन आठवड्यांतलं फोटोवरचं काम तिने सगळं बाजूला काढलं, एकही ठेवलं नाही. ज्युरीत एकांनी पानं कमी म्हणून मार्क कापले, ते नियमाला धरूनच होतं. दुसऱ्यांनी फाटक्या काठांबद्दल विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी ती वही नंतर पहिल्यापासून परत बघितली. शेवटी मार्क मध्यमच आले. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. त्यावर काही करता आलं नाही.

47 पानांचे झेरॉक्स बांधून एक प्रत गल्लीत दिली. ती आता टपरीवर असते, चहाचे डाग पडलेत, लोक येणाऱ्याजाणाऱ्याला त्यात आपली पानं काढून दाखवतात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, वहीचे ते नियम पहिल्याच दिवशी ठरायला हवे होते. प्रोजेक्टच्या कागदावर पानांची संख्या होती, बाइंडिंग कसं पाहिजे ते होतं, ज्यांची चित्रं काढायची त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. ती ओळ लिहिणं माझं काम होतं. आता मी लिहिते.

पाठी काढून आणल्या तेव्हाच तिच्यासोबत एक दिवस जायला हवं होतं. भिडस्त विद्यार्थ्याला ‘घाबरू नको’ म्हणून काही होत नाही, शेजारी बसून आपणही वाईट चित्र काढावं लागतं, लोकांना दाखवावं लागतं. ते मी केलं असतं तर ती मोबाईलकडे गेलीच नसती असं मला आजही वाटतं.

संमतीपत्राबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. पुस्तक छापायचं असेल, चित्रं विकायची असतील, तर कागद लागेलच, आणि तो पैशांच्या बोलण्यासोबत यायला हवा. पण वर्गातल्या वहीसाठी, जिथे सहीची भीती आहे तिथे, त्याच दिवशी दाखवणं आणि मागितलं तर पान देऊन टाकणं हे मला जास्त खरं वाटतं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही कच्चे राहिलो. नातवाने स्वतः ‘हो’ म्हटलं, त्याच्या आईला वेगळं विचारायला पाहिजे होतं, ते राहिलं, नंतर विचारलं.

आणि वेळ. एका जागेसाठी एक सीझन म्हणजे फार कमी. ती नेमकी गणपतीच्या गर्दीत पोचली, लोकांना मान वर करायला फुरसत नव्हती. उन्हाळ्यात, गल्ली थंड असताना ओळख झाली असती तर कितीतरी वेगळं झालं असतं.

सध्या तिथे देवीचं काम सुरू आहे. प्रोजेक्ट संपला तरी ती शनिवारी जाते, बॉलपेन तोच. मागच्या शनिवारी मीही गेले होते, आजी माती तुडवत होत्या, मला म्हणाल्या की तुमची पोरगी आता बरी काढते. ते झोपेतलं चित्र त्यांनी ठेवलं की फाडलं हे आम्ही दोघींनीही अजून विचारलेलं नाही.